गावाकडच्या केंद्रात व्हीआर खोली उभी करताना

विज्ञानाचा डेटा नुसता पडद्यावर न बघता त्याच्या आत शिरून बघायची व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) खोली म्हटली, की चर्चा लगेच हेडसेटच्या, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या पडद्याच्या, मॉडेलवर जाते. विदर्भातल्या तालुक्याच्या गावात, विद्यापीठाच्या उपकेंद्रात अशी खोली उभी करण्याचा अनुभव उलटा आहे. हेडसेट कोणताही आणा, तो वापरायला पोरं दोन तासांत शिकतात. खोली चालणार की सामान कपाटात जाऊन बसणार, हे ठरतं विजेच्या लाईनवर, अर्थिंगवर, उजेडावर आणि डेटा किती चोख तयार केला आहे त्यावर.

या प्रकाराची सुरुवात १९९२ सालची. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉनिक व्हिज्युअलायझेशन लॅबोरेटरीत कॅरोलिना क्रूझ-नीरा, डॅनियल सँडिन आणि थॉमस डीफँटी यांनी 'केव्ह' उभारली. भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरची चित्रं, डोळ्यांवर शटरचा चष्मा, आणि डोकं कुठे आहे हे यंत्राला सतत कळत राहील अशी सोय. त्याच प्रयोगशाळेने २०१२ मध्ये 'केव्ह-२' केली, तेव्हा प्रोजेक्टर काढून गोलाकार मांडलेले ७२ एलसीडी पॅनेल लावले. भेट द्यायला येणारे पाहुणे "तसं का नाही केलं?" असं हमखास विचारतात. भिंतीवरची खोली करायची तर मागून प्रोजेक्शनसाठी भिंतीमागे तेवढीच जागा मोकळी सोडावी लागते. पोलराइज्ड चष्म्याचा स्वस्त मार्ग धरला तर चंदेरी पडदाच लागतो. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवरून परतताना प्रकाशाचं ध्रुवीकरण मोडतं आणि दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसतात. शिवाय बरोबर चित्र मिळतं ते ज्याच्या डोक्याचा माग घेतला जातो त्या एकालाच. बाकीच्यांना तिरपं दिसतं. प्रोजेक्टरच्या फिल्टरमध्ये जिनिंगच्या दिवसांत कापसाचे तंतू किती अडकतील, तो हिशेब निराळाच.

म्हणून आमच्याकडची मांडणी साधी आहे. केबलने कॉम्प्युटरला जोडलेला एक हेडसेट आणि त्याची दोन बेस स्टेशन (हेडसेटला स्वतःची जागा कळावी म्हणून भिंतीवर लावायच्या डब्या), केबलशिवाय चालणारे चार क्वेस्ट ३ हेडसेट, २४ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड असलेला एक कॉम्प्युटर, आणि आतला माणूस काय बघतोय ते बाकीच्यांना दाखवणारा ६५ इंची टीव्ही.

खरेदीबद्दल एवढंच सांगतो. जेमवर (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारात) 'व्हीआर हेडसेट, कॉम्प्युटरसह' असं मोघम लिहिलं तर एल-वन (सगळ्यात कमी बोलीचं) म्हणून काय गळ्यात पडेल याचा नेम नाही. ग्राफिक्स कार्डाची मेमरी, डिस्प्लेपोर्टची आणि यूएसबी ३ पोर्टची संख्या, बेस स्टेशन सोबत येणार की नाही (काही हेडसेट त्यांच्याशिवायच विकले जातात), वॉरंटीची दुरुस्ती जागेवर होणार की पार्सलने, हे सगळं वेगवेगळ्या ओळीत लिहायचं.

आता लाईन. आरटीएक्स ४०९० जातीचं कार्ड एकटंच ४५० वॅट खेचतं. प्रोसेसर, पंखे, हेडसेट धरले की ८०० वॅटपर्यंत जातं, आणि चित्र अचानक जड झालं की क्षणभर त्याच्याही वर उसळी मारतं. त्यामुळे किमान २ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस हवा. घरगुती इन्व्हर्टरवर हे चालवू नका. लाईन गेल्यावर इन्व्हर्टरला सूत्रं हाती घ्यायला १० ते २० मिलिसेकंद लागतात, आणि कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जेमतेम तेवढाच वेळ तग धरतो. कधी निभावतं, कधी मशीन रीस्टार्ट होतं. चौकोनी लहरीच्या यूपीएसवर नव्या जातीचे पॉवर सप्लाय लोड आला की बंद पडतात, तेव्हा शुद्ध साइन वेव्हचाच यूपीएस मागायचा. त्याच्या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं आणि दर दहा अंशांमागे ते निम्म्यावर येतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना पत्र्याच्या व्हरांड्यात ठेवलेल्या बॅटऱ्या दुसरा उन्हाळा बघतील याचा भरवसा नाही. त्या आतच, एसीच्या खोलीत ठेवायच्या.

रब्बीत पंप सुरू झाले की व्होल्टेज १८० च्या खाली येतं. त्याला ऑनलाइन यूपीएस पुरून उरतो. खरी भीती न्यूट्रलची, म्हणजे परतीच्या तारेची. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल सैल झाला की ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज ३०० च्या पुढे चढतं आणि टीव्ही, राउटर, चार्जर सगळे एका दमात जातात. यूपीएसच्या आधी, खोलीच्या बोर्डातच, जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं कट-ऑफ बसवून घ्या. दोन-तीन हजारांच्या या डबीवर लाखांचं सामान तरून जातं.

अर्थिंगकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि सगळ्यात चक्रावणारे बिघाड तिथूनच येतात. आपल्या काळ्या मातीचा गुणच असा, की पावसाळ्यात ती फुगून इलेक्ट्रोडला घट्ट चिकटते आणि एप्रिलमध्ये भेगाळून त्याला सोडून देते. जुलैत ५ ओमच्या आत असलेलं अर्थिंग मे महिन्यात कितीतरी पट चढलेलं असतं. लक्षणं मात्र अर्थिंगची वाटतच नाहीत. हेडसेटमध्ये पांढरे ठिपके चमकतात, यूएसबी मधूनच तुटते, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. मग पोरं ड्रायव्हर काढतात, घालतात, विंडोज नवीन टाकतात. आधी मल्टिमीटर घ्या आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टच्या वर असेल तर सॉफ्टवेअरला हात लावायचं कारण नाही. खड्डा तीन मीटर खोल, कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायचा पाइप, आणि मार्च ते जून आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी. बेंटोनाइट भरून घेतलं तर ओल जास्त दिवस टिकते. आणखी एक: टीव्ही आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावरून, एकाच अर्थवर चालवा. टीव्ही दुसऱ्या भिंतीवरच्या जुन्या सॉकेटला असेल आणि दोन्हीकडच्या अर्थमध्ये फरक असेल, तर एचडीएमआय लावताना ठिणगी उडते आणि पोर्ट कायमचं जातं.

खोली निवडताना खिडक्या बघायच्या. बेस स्टेशन अदृश्य लेझरची पट्टी खोलीभर फिरवतं, आणि ती किती वेळाने आपल्यावर पडली यावरून हेडसेटवरचे सेन्सर कोन काढतात. काच, लोखंडी कपाटाचा चकचकीत दरवाजा, व्हाइटबोर्ड, गुळगुळीत टाइल्स यांवरून ती पट्टी परतली की हेडसेटला दोन उत्तरं मिळतात आणि समोरचं दृश्य झटका देऊन सरकतं. कपाटावर चादर, खिडकीला जाड पडदा, बोर्डावर खादीचा कपडा, एवढ्याने बहुतेक काम भागतं. बेस स्टेशन समोरासमोरच्या कोपऱ्यांत, दोन मीटरच्या वर, ३० ते ४५ अंश खाली झुकवून लावायची. प्लायच्या पार्टिशनवर नाही, काँक्रीटच्या कॉलमवर. पार्टिशनवर लावली तर दार आपटलं की आतल्या माणसाचं जग हलतं. दोन्हींचा चॅनेल वेगळा असल्याची खात्री करा. एकच असेल तर ट्रॅकिंग (हेडसेटचा माग घेणं) उभंच राहत नाही.

छताचा पंखा काढून टाका. हात वर करून रेणूचं वरचं टोक धरायला जाणाऱ्याला पंखा दिसत नाही.

क्वेस्टला बेस स्टेशन लागत नाहीत. तो स्वतःच्या कॅमेऱ्यांनी खोली ओळखतो, पण त्याची कुरकुर निराळी. नुकती रंगवलेली कोरी भिंत असली की त्याला पकडायला खूणच सापडत नाही. भिंतीवर जिल्ह्याचे नकाशे, आवर्त सारणी, जुनी पोस्टर असं काहीही लावा, फक्त एकाच नक्षीचा कागद ओळीने नको. ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याने ट्रॅकिंग थरथरत असेल तर सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडायचं. आणि खोलीतल्या दोन ट्यूब यूपीएसवर असायलाच हव्यात. लाईन गेली की हेडसेट बॅटरीवर चालूच राहतो, पण कॅमेऱ्याला अंधारात दिसत नाही. घातलेल्या माणसाला लाईन गेल्याचं कळतच नाही, त्याला वाटतं जमीन सरकली.

कॉम्प्युटरवरचं चित्र क्वेस्टमध्ये वायफायने पाठवायचं तर कॉलेजच्या वायफायचा नाद सोडा. तिथे लॉगिनचं पान असतं आणि एका यंत्राने दुसऱ्याशी बोलू नये अशी अडवणूकही असते. खोलीतच वायफाय ६ चा स्वतंत्र राउटर, ५ गिगाहर्ट्झवर, आणि कॉम्प्युटर त्याला लॅन केबलने जोडलेला. या राउटरला इंटरनेट नसलं तर आणखी बरं, कारण इंटरनेट मिळालं की हेडसेट तासाच्या मधोमध स्वतःला अपडेट करायला घेतात. अपडेट आदल्या संध्याकाळी, हॉटस्पॉट देऊन, एकेकाचं करायचं.

गारव्याला कूलर नको. उन्हाळ्यात कूलरशिवाय चालत नाही हे खरं, पण त्याच्या ओल्या हवेने भिंगांवर वाफ धरते आणि वुडवूलची धूळ थेट भिंगावर येऊन बसते. दीड टनाचा एसी लावा, २५-२६ वर ठेवा. त्याहून गार खोलीत ठेवलेला हेडसेट घामेजल्या चेहऱ्यावर चढवला की आतून धुकं येतं. कोवळं-कडक कसलंही ऊन भिंगावर पडू देऊ नका. भिंग ऊन एका बिंदूत गोळा करतं आणि आतला डिस्प्ले जळतो. हा डाग निघत नाही आणि वॉरंटीतही बसत नाही.

इथवर खोली झाली. निम्मं काम डेटाचं.

पहिला विषय निवडला तो सिकलसेलचा, कारण गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडच्या पोरांच्या घरातला तो आजार आहे. प्रोटीन डेटा बँकेतली (प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहातली) २एचबीएस ही नोंद म्हणजे सिकल हिमोग्लोबिनची ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेतली रचना. कायमेराएक्स (रेणू दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायचं, आधी स्टीमव्हीआर (हेडसेट चालवणारं सॉफ्टवेअर) चालू आहे ना बघायचं, रचना मागवायची आणि 'व्हीआर ऑन' ही आज्ञा द्यायची. एक रेणू जेमतेम सहा नॅनोमीटरचा. तो दीड मीटरचा करून समोर ठेवला म्हणजे २५ कोटी पट मोठा केला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेलं आहे, तेवढं गोळ्यांच्या रूपात ठेवायचं, बाकी सगळं फितीच्या रूपात. शेजारच्या रेणूतल्या ८५ व्या फिनाइलअ‍ॅलानीन आणि ८८ व्या ल्युसीनने केलेल्या खाचेत ते व्हॅलीन कसं जाऊन बसतं, हे पुस्तकातल्या चपट्या आकृतीत कळत नाही. इथे पोरगी खाली वाकते, खाचेत डोकं घालते आणि तिला दिसतं. फाइलमध्ये रेणू दोनच आहेत. असे रेणू एकमेकांना चिकटून होणारा अख्खा धागा कसा वाढतो ते दाखवायचं तर स्फटिकाच्या सममितीवरून शेजारचे रेणू उभे करावे लागतात. आणि प्रत्येक रेणूच्या दोन बीटा साखळ्यांपैकी एकीचंच व्हॅलीन अशा खाचेत बसतं. हे आधी सांगितलं नाही तर दुसरीची खाच शोधण्यात वेळ जातो.

सावल्या बंद, प्रकाश साधा, पृष्ठभाग नकोत. ९० हर्ट्झच्या हेडसेटला दोन्ही डोळ्यांची चित्रं मिळून ११ मिलिसेकंदांत हवी असतात, आणि डोकं हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा उशीर २० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की पोटात ढवळायला लागतं. टीव्हीवर सुंदर दिसणारं दृश्य हेडसेटमध्ये उलटी आणू शकतं. सुंदर आणि जड यांत निवड करायची वेळ आली तर हलकं निवडा.

दुसरा विषय लोणार. बुलडाण्याचं हे विवर १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसाल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेलं. भुवनवरचा (इस्रोच्या नकाशा-पोर्टलवरचा) कार्टोडेम, म्हणजे उपग्रहावरून काढलेला उंचीचा नकाशा, फुकट मिळतो, पण त्याची जाळी ३० मीटरची. म्हणजे अख्खं विवर या काठापासून त्या काठापर्यंत अवघ्या ६० चौकटींत संपतं. टेबलावर ठेवल्यासारखं लहान करून बघितलं तर छान दिसतं. खऱ्या मापात आत उभं राहिलं तर घराएवढे त्रिकोण दिसतात आणि पोरं निराश होतात. तेव्हा या डेटावर खऱ्या मापाचा मोह धरायचा नाही. शिवाय ही उंची झाडांच्या शेंड्यांची आहे, जमिनीची नाही, आणि तळ्याच्या जागी पाण्याची सपाटी आहे, तळ नाही. दृश्यात पाटी लावून हे लिहावं, नाहीतर कोणीतरी प्रकल्प-अहवालात तळ्याला सपाट तळ देऊन मोकळं होतं.

उंची ताणण्याचंही तसंच. तीन पट ताणलं की विवर भव्य दिसतं, पण २६ अंशांचा उतार ५६ अंशांच्या जवळ जातो. भूगोलाच्या पोराने तो उतार मनात धरला की पुढचं सगळं चुकतं. ताणायचंच तर किती पट ते डोळ्यासमोर लिहिलेलं हवं, आणि बाजूला उभी मोजपट्टी.

विदर्भात काम करणाऱ्यांना यूटीएमच्या (मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या) झोनची भानगड माहीत हवी. ४३ आणि ४४ या झोनची सीमा ७८ अंश रेखांशावर आहे, म्हणजे ती विदर्भाच्या मधून जाते. लोणार आणि अमरावती ४३ मध्ये, यवतमाळ, वर्धा, नागपूर ४४ मध्ये. एका थराला एक झोन, दुसऱ्याला दुसरा दिला गेला तर रस्ते विवरापासून सहाशे किलोमीटरवर जाऊन पडतात आणि हेडसेटमध्ये काहीच दिसत नाही. काहीच दिसलं नाही की पहिला संशय झोनवर घ्यायचा.

त्याहून फसवी गोष्ट आकड्यांच्या अचूकतेची. यूटीएममध्ये लोणारची उत्तरेकडची किंमत २२ लाख मीटरच्या आसपास येते. ग्राफिक्स कार्ड ३२ बिटांत हिशेब करतं, आणि एवढ्या मोठ्या आकड्यावर त्याची लहानात लहान पायरी २५ सेंटिमीटरची होते. डोकं जरा हलवलं की जमीन थरथरते, आणि लोक ट्रॅकिंगला दोष देत बेस स्टेशन पुसत बसतात. उपाय एका ओळीचा: सगळ्या बिंदूंतून मधल्या बिंदूची किंमत वजा करायची, म्हणजे मूळ शून्यावर येतं. क्लाउडकंपेअर (बिंदूंचा डेटा हाताळणारं सॉफ्टवेअर) फाइल उघडतानाच हे विचारतं, तिथे नको म्हणू नका. वजा केलेली किंमत फाइलच्या नावातच लिहून ठेवा.

किती जड डेटा झेपतो याचा अंदाज आधीच काढता येतो. १० बाय १० किलोमीटरचा भाग ३० मीटरच्या जाळीने म्हणजे सव्वादोन लाख त्रिकोण. कोणतंही कार्ड हसत हसत चालवतं. तोच भाग १ मीटरच्या जाळीने २० कोटी त्रिकोणांवर जातो. तो पॅराव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये डेसिमेट करूनच, म्हणजे त्रिकोण कमी करूनच, आत न्यायचा. दवाखान्यातलं सीटी, ५१२ बाय ५१२ चे ५०० काप, साधारण २६० एमबी, काहीच नाही. बाहेरच्या संस्थेतून मायक्रो-सीटी करून आणलेला दगडाचा तुकडा २०४८ च्या घनात आला तर १७ जीबी. कार्डाच्या मेमरीत मावतो, पण दोन्ही डोळ्यांसाठी चित्र काढताना गाडी अडते. प्रत्येक बाजू निम्मी केली की आठवा हिस्सा, २ जीबी, आणि फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. सीटी आणताना एक पथ्य: डायकॉम फाइलच्या (सीटीची चित्रं ज्या साच्यात येतात तिच्या) आत रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख असते. फाइलचं नाव बदलल्याने ती जात नाही, आतली नोंद पुसावी लागते.

मराठी पाट्या हा शेवटचा डोंगर. युनिटी या व्हीआरची दृश्यं बांधायच्या सॉफ्टवेअरमधलं, अक्षरं लिहिणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जुळणी करत नाही. 'किनारा' लिहिलं की पहिली वेलांटी 'क' च्या उजवीकडे जाऊन बसते, 'क्ष' चा पाय मोडतो. फाँट बदलत बसू नका. पाटी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून चित्र म्हणून काढायची आणि चित्रच दृश्यात टांगायचं. अक्षरं मोठी ठेवा. हेडसेटला एका अंशात २५ च्या आसपासच पिक्सेल मिळतात, वहीतल्या मापाचं अक्षर तिथे मुंगी होतं.

तास घेताना एका हेडसेटमागे एक धरणारा हवाच. तो केबल पायातून सोडवतो आणि भिंत जवळ आली की खांद्याला हात लावतो. एकाला दहा-पंधरा मिनिटं पुरे. सरकत नेणारी चाल बंद ठेवून एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारणारी चाल ठेवली तर मळमळ बरीच कमी होते. प्रत्येकाच्या दोन डोळ्यांतलं अंतर मोजपट्टीने मोजून हेडसेटवर लावायचं. ते चुकलं की डोकं दुखतं आणि किती खोल, किती उंच याचा अंदाजही बिघडतो. टीव्हीवर आतल्या माणसाचं दृश्य जसंच्या तसं दाखवलं तर बघणाऱ्यांना गरगरतं. सॉफ्टवेअर देत असेल तर बाजूला स्थिर कॅमेरा ठेवून तो दाखवा.

साफसफाईत लोक स्पिरिटचा बोळा भिंगावर फिरवतात आणि वरचा लेप उडवतात. भिंगाला फक्त कोरडं मायक्रोफायबर. चेहऱ्याकडच्या स्पंजवर रेग्झिनचं कव्हर चढवा, ते पुसता येतं. स्पंजातून टिकल्या निघतात, काजळाच्या कडा उमटतात, खोबरेल तेलाने मागचा पट्टा बुळबुळीत होऊन हेडसेट हळूहळू नाकावर उतरतो. अंबाडा असेल तर मागचा पट्टा बसतच नाही, वेणी पुढे घ्यायला सांगायची. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कंट्रोलरमधले सेल काढून ठेवायचे, हेडसेट अर्धे चार्ज करून बंद करायचे आणि गच्चीखालच्या स्टोअररूममध्ये न ठेवता खालच्या मजल्यावरच्या भिंतीतल्या कपाटात ठेवायचे. जूनमध्ये उघडताना आधी न्यूट्रल-अर्थ मोजा, मगच प्लग लावा.